कर्ता आणि करण

साहाय्य हा शब्द सर्वांच्या ओठी असतो. त्याचा अर्थ मात्र क्वचितच तपासून पाहिला जातो. दुसऱ्यास जे जमत नाही ते स्वतः करून टाकले की त्यास साहाय्य झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तहानलेल्यास पाणी द्यावे, थकलेल्याचे ओझे उचलावे, अशा प्रसंगी ही समजूत पुरेशी ठरते. ओझे कोणी वाहिले यास तेथे महत्त्व नसते. ते ठिकाणी पोचले म्हणजे झाले. परंतु मनुष्याची काही कर्मे अशी असतात की ती दुसऱ्याने उरकली म्हणजे ती त्याची राहतच नाहीत. रुसलेल्या भावास निरोप पाठविणे, मुलीच्या पत्रास उत्तर लिहिणे, स्वतःच्या पैशाचा हिशेब पाहणे, सकाळी कोणता ग्रंथ उघडावा हे ठरविणे, ही कामे इतरांनी कितीही चोख केली तरी ज्याची ती होती त्याच्या हातून काहीतरी निसटते. मग ज्याचे हातच चालत नाहीत अशा मित्राला या कामांत साहाय्य कसे करावे? प्रश्न घरगुती दिसतो खरा, पण कर्माच्या विचारातील एक कठीण गाठ त्यात आहे.

एक उदाहरण कल्पावे. इंदुरास वा नागपुरास राहणारा एक निवृत्त शिक्षक आहे. आमवाताने त्याच्या बोटांचे सांधे वाकडे झाले आहेत. पेला दोन्ही तळहातांत धरावा लागतो, पेन तर धरवतच नाही. बुद्धी मात्र लख्ख आहे आणि वाचनाची भूक जशीच्या तशी आहे. मुलाने त्याला एक टॅब आणून दिला. या पाटीएवढ्या यंत्रात आता पत्रव्यवहार, वर्तमानपत्र, ग्रंथ, बँक, रेल्वेचे तिकीट आणि दूरदेशीच्या नातवाचा चेहरा हे सर्व सामावलेले असते. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखलासुद्धा २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेने संगणकावरून देता येतो, आणि २०२१ पासून तो बोटांच्या ठशाऐवजी चेहऱ्याच्या ओळखीवरही देता येतो. तात्पर्य, हा टॅब चैनीची वस्तू राहिलेला नाही. गृहस्थाच्या व्यवहाराचे ते एक दार झाले आहे.

शिक्षकाचा जुना मित्र संध्याकाळी येतो. शिक्षक वाकड्या बोटाने पडद्यावर एक अक्षर दाबू पाहतो, शेजारचे दाबले जाते. ते पुसतो, पुन्हा चुकते. मित्राला हे पाहवत नाही. “दे इकडे, मी करून देतो,” असे म्हणून तो टॅब ओढून घेतो. अर्ध्या मिनिटात निरोप लिहून होतो, पाठविलाही जातो. मित्र समाधानाने घरी जातो. शिक्षक आभार मानतो आणि दुसऱ्या दिवसापासून हळूहळू टॅबला हात लावणे सोडून देतो.

येथे मित्राच्या प्रेमात काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. उणे होते ते त्याच्या विचारात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्म घडण्यास आधार लागतो, करणारा लागतो, साधन लागते, हालचाल लागते, आणि मनुष्याच्या स्वाधीन नसलेला असाही एक भाग असतो. यांपैकी करणास गीतेने अनेक प्रकारचे म्हटले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वाणी, हात, पाय इत्यादी कर्मेंद्रिये ही करणेच होत. हात म्हणजे कर्ता नव्हे. हात निकामी झाला तर पाचांतील एक कारण दुबळे झाले, एवढाच त्याचा अर्थ. आणि करण एकाच प्रकारचे नसल्यामुळे एकाच्या जागी दुसरे योजता येते. ज्या मित्राने टॅब ओढून घेतला त्याने करण दुरुस्त केले नाही. त्याने कर्ताच बदलला. रोग सांध्यांत होता. उपचार माणसालाच बाजूस सारणारा झाला.

हा भेद शब्दांचा खेळ नाही. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांना शाई-लेखणी मिळाली नाही, तेव्हा १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिले गेले. साधन हलके झाले म्हणून ग्रंथकर्ता बदलला नाही. हातांची शक्ती गेलेल्या मनुष्याचीही स्थिती तत्त्वतः हीच आहे. त्याला हवी असते ती दुसरी लेखणी. तिच्याबरोबर दुसरा लेखक आला तर त्याचे काम भागत नाही.

आता ही दुसरी लेखणी कशी मिळते, याचा थोडा तपशील पाहणे अवश्य आहे. साधनाविषयीचे अज्ञान हे पुष्कळदा अधीरतेचे खरे कारण असते. उपाय ठाऊक नसला की मनुष्य दुसऱ्याच्या हातातले ओढून घेतो.

टॅबचा पडदा दाबाने चालत नाही. शरीर विद्युत्वाहक असल्यामुळे बोट काचेशी येताच तेथील विद्युत्स्थितीत जो सूक्ष्म फरक पडतो, तो यंत्र ओळखते. म्हणून जोर लावण्याची गरज नसते, आणि लाकडी काडीने कितीही टोचले तरी काही होत नाही. रबराचे विद्युत्वाहक टोक असलेली पडद्याची लेखणी मात्र चालते. तिची मूठ कापडाची पट्टी गुंडाळून चांगली जाड केली, तर न मिटणाऱ्या बोटांतही ती टिकते. सांधेदुखीच्या घरांत चमच्याचा दांडा असाच जाड करण्याची रीत आहे. बोटांत काहीच धरवत नसेल तर तळहाताभोवती पट्टा बांधून त्यात लेखणी खोचतात. मानेची हालचाल चांगली असेल तर दातांत धरावयाची कांडीही असते. टॅब हातात धरण्याचा तर आग्रहच सोडावा. अर्धा किलोच्या आसपास भरणारी ती वस्तू दुखऱ्या मनगटास फार जड होते. मेजावर पक्की तिवई, तिच्याखाली न घसरणारा रबरी तुकडा आणि कोपराला टेकण्यास उशी, एवढ्याने निम्मे काम होते. गीतेच्या शब्दांत सांगावयाचे तर हे अधिष्ठान झाले. पुष्कळ साहाय्यकांना पहिल्या दिवशी सुचत नाही ते हेच.

पुढे यंत्राच्या अंतरंगात पाहावे. प्रत्येक टॅबच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या नावाचा एक विभाग असतो. धडधाकट मनुष्य तो जन्मात उघडत नाही. कंपवाताने बोट थरथरून एकाच जागी दोनतीनदा लागत असेल, तर लागोपाठचे स्पर्श सोडून द्यावेत अशी आज्ञा यंत्रास तेथे देता येते. बोट टेकल्यावर किती वेळाने तो स्पर्श खरा मानावा, हेही ठरविता येते. मग जाता जाता चुकून लागलेले बोट घात करीत नाही. अक्षरे व चित्रे मोठी करता येतात. दोन बोटांची कामे एका बोटावर आणता येतात. आयपॅडवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडच्या टॅबवरही अशी सोय आहे की पडद्यावरील एकेक वस्तू क्रमाने उजळत जाते, आणि हवी ती उजळली म्हणजे जोडलेले एक बटण दाबावयाचे. ते बटण कोपराने, गुडघ्याने वा डोक्याने दाबले तरी चालते. शरीरात एकच हालचाल स्वाधीन उरली असेल, तरी त्या एका हालचालीवर सगळे यंत्र चालते. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून हे बटणही अनिवार्य राहिले नाही; भुवई उंचावणे वा तोंड उघडणे ही खूण टॅबचा कॅमेरा ओळखू शकतो. २०२४ पासून नव्या आयपॅडवर नुसत्या नजरेने निवड करता येते. आणि पाणी दुबळा झाला तरी वाणी उरली असेल, तर गूगलच्या कळफलकावर २०१७ पासून मराठी बोलून मराठी लिहिता येते.

इतकी साधने आहेत म्हणून ती सगळी एकाच संध्याकाळी मित्रावर लादावीत असे मात्र नाही. उत्साही साहाय्यकाचा हा नेहमीचा दोष. काय बिघडले आहे याची यादी करण्यापूर्वी काय शाबूत आहे हे पाहावे. कोणते बोट न दुखता हलते, कोणता सांधा दिवसाच्या कोणत्या वेळी मोकळा असतो, हे विचारावे. आमवाताच्या रुग्णास सकाळी आखडलेपणा अधिक असतो. जे त्याला सकाळी आठ वाजता साधत नाही ते दुपारी बाराला साधते. नुसत्या पाहण्याने हे कळत नाही, विचारावेच लागते. एकावेळी एकच बदल करावा आणि तो बरा वाटला की नाही हे त्याच्याच तोंडून ऐकावे. स्टीफन हॉकिंग या विख्यात शास्त्रज्ञाची कथा या बाबतीत बोधक आहे. हाताची शक्ती पूर्णपणे गेल्यावर ते गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने संगणक चालवीत. अभियंत्यांनी त्यांच्यासाठी नवी व्यवस्था तयार केली, तेव्हा हॉकिंग यांच्या सवयीची जुनी मांडणी बरीचशी कायम ठेवावी लागली; सुधारणा झाली ती मुख्यतः पुढचा शब्द सुचविण्याच्या शक्तीत. उत्तम साधन कोणते, याचा निर्णय साधन बनविणाऱ्याने करावयाचा नसतो.

दुसऱ्याच्या लेखणीचे काम करणे ही गोष्ट भारतीय परंपरेस नवी नाही. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने ती मूळ संहितेत घेतलेली नाही, हे खरे. परंतु कथेचे मर्म त्यामुळे कमी होत नाही. लेखणी थांबता कामा नये अशी अट लेखकाने घातली, आणि अर्थ समजल्यावाचून लिहू नये अशी अट सांगणाऱ्याने घातली. दोन्ही अटी पाळल्या गेल्या, म्हणून ग्रंथ व्यासांचा राहिला आणि लेखनही निर्जीव झाले नाही. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. त्यांचे नाव ग्रंथात आदराने आले आहे, पण ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गुरुजींच्या स्वतःच्या लेखणीला किती धार होती हे महाराष्ट्रास सांगावयास नको. तरीही त्या पानांत विनोबा बोलतात. समर्थ मनुष्याने दुसऱ्याचे करण होऊन राहणे किती कठीण असते, हे ज्याने कधी एखादे पत्र सांगेल तसे लिहून दिले असेल त्यालाच कळेल. वाक्य अपुरे असतानाच ते पुरे करण्याचा मोह होतो. ‘त्यापेक्षा असे लिहू या’ हे शब्द ओठांवर येतात.

फ्रान्समधील पत्रकार झाँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ साली मेंदूतील आघाताने जवळजवळ सर्वांगाचा पक्षाघात झाला. हलविता येत होती ती डाव्या डोळ्याची पापणी. लिहून घेणारी स्त्री फ्रेंच वर्णमाला नेहमीच्या वापराच्या क्रमाने म्हणून दाखवी. हवे ते अक्षर येताच बोबी पापणी मिटीत. अशा रीतीने अक्षर-अक्षर जोडून एक संपूर्ण पुस्तक झाले आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले. भेटीस येणाऱ्यांच्या स्वभावांचे वर्णन त्यात आले आहे. काही घाईघाईने शब्द ओळखून मोकळे होत, तर काही एकही अक्षर अंदाजाने घेत नसत. टॅबपुढे बसलेल्या प्रत्येक मित्रास या दोन स्वभावांतून स्वतःचा ओळखता येईल. शब्द सुचवू नये असा काही नियम नाही. यंत्र स्वतःच शब्द सुचवीत असते. सुचविलेला शब्द नाकारण्यास पुरेसा अवकाश समोरच्यास मिळाला की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

ज्या गोष्टी नीतीने ओळखल्या त्या कायद्यानेही हळूहळू ओळखल्या आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सवलतीची भाषा सोडून हक्काची भाषा बोलतो. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार असलेल्या एका परीक्षार्थीस लेखनिक मिळावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचे अपंगत्व ठरावीक चाळीस टक्क्यांत बसत नव्हते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या नावाच्या त्या प्रकरणात न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी लेखनिकाचा हक्क मान्य केला. परीक्षा बुद्धीची आहे, हाताची नव्हे, असाच त्या निर्णयाचा आशय निघतो. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. कायदा येथवर आला आहे. घरातील बैठकीच्या खोलीत तो अजून पोचावयाचा आहे.

येथे धार्मिक वृत्तीचा गृहस्थ एक आक्षेप घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गीता तर ‘मी करतो’ हा अभिमान टाकावयास सांगते. प्रकृतीच्या गुणांकडून कर्मे होत असताना अहंकाराने मूढ झालेला स्वतःला कर्ता मानतो, असे तिसऱ्या अध्यायाचे म्हणणे आहे; आणि पाच कारणे सांगितल्यावर लगेच अठराव्या अध्यायात केवळ आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपक्व ठरविली आहे. मग आजाऱ्याचे कर्तेपण जपण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? हात थांबले, हा ईश्वराचाच संकेत मानावा. “आता नामस्मरण करा, या यंत्रात कशाला जीव घालता?” असे बोल कित्येक घरांत वृद्धांना ऐकावे लागतात. बोलणाऱ्यास ते सांत्वन वाटते.

या आक्षेपात एक सत्य आहे आणि एक मोठी गफलत आहे. कर्तेपणाचा अभिमान सोडावा हे सत्य. पण तो कोणी सोडावयाचा? ज्याचा त्याने. दुसऱ्याचा अहंकार दुसऱ्याने काढून घेता येत नाही. काढून घेता येते ते त्याचे काम, आणि काम काढून घेतल्याने अहंकार जातो असे नाही. उलट तो मुका होऊन आत कुढत बसतो. कर्माचा आरंभच न केल्याने नैष्कर्म्य मिळत नाही, हे त्याच तिसऱ्या अध्यायात प्रारंभी सांगून ठेवले आहे. ज्याला करता येते आणि जो फलाची आसक्ती सोडतो, त्याच्या सोडण्याला त्याग म्हणतात. ज्याला कोणी करूच दिले नाही त्याच्या रिकाम्या हातांना त्याग म्हणणे ही त्याची थट्टा आहे. शिवाय नामस्मरणाचा उपदेश करणाऱ्याच्या स्वतःच्या हातात बहुधा त्याच वेळी मोबाइल असतो, हेही नोंदवून ठेवावे. ज्या शिक्षकास टॅबवर स्वतः गीतेचे पान उघडता आले, त्याची उपासना कमी झाली असे कोण म्हणेल? त्याला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली नाही, इतकेच झाले.

प्रारब्धाचेही असेच आहे. ‘त्याचे भोग’ असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. पाच कारणांत दैवाची गणना आहे, हे मान्य. पण ती पाचवी आहे, एकटी नाही. बाकीची चार मनुष्याच्या पुढ्यात ठेवलेली असताना पाचवीकडे बोट दाखवून उठून जाणे हा दैववाद नव्हे, आळस आहे. मित्र आजारी पडला हे दैव म्हणता येईल. त्याच्या टॅबचे एक सेटिंग तीन महिने कोणी बदलले नाही, यास दैव म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. प्रत्येक गोष्ट त्याने स्वतःच करावी हा हट्ट क्रूर नाही काय? आहे. सांधे सुजलेल्या दिवशी, ताप असताना किंवा रात्री डॉक्टरांना तातडीने कळवावयाचे असताना स्वावलंबनाचा धडा काढून बसणारा मित्र हा मित्र नव्हे. ‘आज तूच लिही’ असे शिक्षकाने म्हटले तर मुकाट्याने लिहावे. तसे सांगणे हेही त्याचेच कर्म आहे. स्वतः करणे आणि स्वतःच्या इच्छेने दुसऱ्याकडून करविणे, या दोन्हींत कर्तृत्व शाबूत राहते. ते हरवते ते न विचारता केलेल्या कामात.

याचे सर्वांत सुंदर चित्र कुरुक्षेत्रावरील रथात आहे. श्रीकृष्णाने लगाम हाती घेतले; धनुष्य घेतले नाही. दोन्ही सैन्यांमध्ये रथ उभा करावा, असे अर्जुनाने सांगितले तेव्हा त्याने रथ तेथेच नेला. नंतर जे सांगावयाचे ते अठरा अध्यायांत सांगितले, आणि शेवटी या सर्वाचा पुरता विचार करून इच्छा होईल तसे करण्यास अर्जुनास मोकळे ठेवले. सर्वसमर्थाने स्वीकारलेली ही मर्यादा आहे. अर्धा मिनिट वाचविण्यासाठी टॅब ओढून घेणाऱ्याने ती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी.

साहाय्यकाच्या स्वतःच्या मनाचाही थोडा शोध घेतला पाहिजे, कारण खरी अडचण पुष्कळदा तेथे असते. मित्राचे बोट चुकताना पाहून जी अस्वस्थता होते ती दयाच असते असे नाही. वेळ फुकट चालल्याची चिडचीड तिच्या आड लपलेली असते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती कोणी कबूल करीत नाही. दुसऱ्याला आपली गरज असावी, ही भावना गोड असते. रोज संध्याकाळी मित्र वाट पाहतो, ‘तू आलास म्हणून झाले’ असे म्हणतो, यात एक सुख आहे. पडद्यावरील वस्तू उजळण्याची गती नीट जुळली, बटण कोपराशी बरोबर बसले, आणि एके दिवशी मित्राने येण्यापूर्वीच सर्व पत्रे लिहून संपविली, तर ते सुख थोडे ओसरते. सात्त्विक दानाचे लक्षण सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा नसणे हे सांगितले आहे. परतफेड पैशानेच होते असे नाही. समोरच्याने कायम अवलंबून राहावे ही अपेक्षासुद्धा परतफेडीचीच मागणी आहे, आणि ती पैशाहून महाग पडते.

पैशाच्या व्यवहारात तर हा विवेक आणखी काटेकोर हवा. हात चालत नाहीत म्हणून यूपीआयचा पिन मुलाला, बँकेचा परवलीचा शब्द शेजाऱ्याला आणि टॅब उघडण्याचे आकडे सर्वांना ठाऊक, अशी स्थिती अनेक घरांत असते. कोणी लबाडी करील हे भय तर आहेच. पण लबाडी कोणीही केली नाही तरी त्या मनुष्याजवळ स्वतःचे असे काही उरले नाही, ही हानी होऊन गेलेली असते. म्हणून चेहऱ्याने उघडणारा टॅब, मोठ्या आकड्यांचा कळफलक आणि पिन टाकताना मान वळवून बसणारा मित्र, या तीन गोष्टी जमवाव्यात. बँकांच्या जुन्या नियमांत या बाबतीत विलक्षण शहाणपण आढळते. आजारी वा असमर्थ खातेदारास सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घ्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे प्रत्यक्ष कोणी न्यावयाचे हेही खातेदारानेच दाखवावयाचे असते. हात गेला म्हणून खातेदार बदलला असे बँक मानीत नाही.

उरली कुटुंबीयांची गोष्ट. मित्र संध्याकाळी येऊन घटकाभर बसतो. उरलेले सर्व तास घरच्या माणसांचे असतात. शिक्षकाचा निरोप दहा शब्दांचा असेल आणि तो लिहिण्यास पंधरा मिनिटे लागत असतील, तर सुनेने पंधरा मिनिटे त्या खोलीत डोकावू नये. अक्षरे चुकली तर नातवाने ती हसून दुरुस्त करू नयेत. ज्याला पत्र गेले तो समजून घेईल. टॅब रात्री विजेस जोडण्यासाठी कपाटावर नेऊन ठेवण्याची पद्धत असेल, तर ती आधी बदलावी. सकाळी जाग आल्यावर कोणीतरी तो काढून देईपर्यंत वाट पाहावी लागत असेल, तर वर सांगितलेली सारी साधने व्यर्थ आहेत. तिवई पलंगाशेजारी पक्की करावी, विजेची तार तिच्याच पायास बांधून टाकावी, आणि बटण रात्री झोपताना कोपराच्या टप्प्यात आहे ना, हे घरातील एकाने न चुकता पाहावे.